मूल ते लंडन, मार्गे चांदा

पुण्यामुंबईच्या माणसाने लंडनला जावयाचे ठरवले म्हणजे तो तिकिटांची चौकशी करतो. मूलच्या माणसाने ठरवले म्हणजे गाव त्याची चौकशी करते. ‘गुरुजी, मुलगा तिकडे आहे का?’ नाही. ‘काही दुखणे?’ नाही. ‘मग?’ या ‘मग’ला उत्तर देता देता आमच्या घराचा उन्हाळा सरला, धानाची रोवणी झाली, आणि आता दिवाळी आली तरी प्रश्न संपलेले नाहीत. म्हणून यंदाचे हे पान त्या उत्तरालाच द्यावे म्हणतो.

लंडन पाहण्याची हौस माझी नव्हे, सौभाग्यवतींचीही नव्हे. ती माझ्या आईची आहे. आई ऐंशीच्या घरात आहे. नेमके वय विचाराल तर शाळेच्या दाखल्यावर एक जुलै लिहिले आहे. त्या काळी आमच्या भागातील निम्मी मुले एक जुलैलाच जन्मत असत! चौथीपर्यंत शिकलेली, आणि मग जन्मभर लोकांच्या बांधीत रोवणी करून मला मास्तर केलेली ही बाई. तिला टॉवर नको, राणीचा वाडा नको, टेम्स नदीतली होडी नको. तिला एक घर पाहायचे आहे. किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक दहा.

१९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या घरात राहिले. कोलंबिया विद्यापीठातून १९१६ साली ते प्रथम लंडनला आले, पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने पुढल्याच वर्षी त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेऊन आणि मित्राकडून उसने घेऊन. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ साली एम.एस्सी. झाले, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली, आणि मध्यंतरी ग्रेज इनमधून बॅरिस्टरही झाले. हे सारे अर्धपोटी, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस दिवस बसून. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ साली तीस लक्ष पौंडांहून अधिक किमतीला विकत घेतले आणि तेथे स्मारक केले.

आईचे या घराशी नाते जोडले गेले ते चांद्याच्या मैदानावर. (आता चंद्रपूर म्हणतात, आईच्या तोंडी अजून चांदाच आहे.) नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेविषयी सर्वांना ठाऊक असते, दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी चांद्यालाही दीक्षा दिली हे शहरातल्या पुष्कळ सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. आई तेव्हा दहा वर्षांची. माझे आजोबा मूलहून तिला घेऊन पायी निघाले. पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता, मध्ये जंगल. छोट्या लाईनची गाडी होती, पण तिकिटाला पैसे नव्हते. आई म्हणते, अर्धा रस्ता चालले, अर्धा बापाच्या खांद्यावर. बाबासाहेब दिसले ते खांद्यावरूनच. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला, ते गेल्याची बातमी आली.

ही झाली पार्श्वभूमी. आता बेत.

पहिली अडचण पंचांगाची. चौदा एप्रिलला आई मूल सोडणार नाही. पंधरा-सोळा ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेल्यावाचून राहणार नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात धानाची कापणी, शिवाय लंडनला त्या दिवसांत दुपारी चारलाच अंधार पडतो. जानेवारीची थंडी तिच्या गुडघ्यांना मानवणार नाही. जूनच्या मध्याला पाऊस आला की धाकटा भाऊ पऱ्हे टाकायच्या गडबडीत, आणि आई बांधावर नसली तर पऱ्हे उगवतच नाहीत अशी तिची स्वतःची समजूत आहे. उरला मे महिना. आमच्याकडे मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या वर. कुत्रीसुद्धा सावलीतून सावलीत धावतात. लंडनला त्याच वेळी ऊन कोवळे, हवा शालीपुरती गार आणि उजेड रात्री नवाच्या सुमारापर्यंत. तेव्हा येता मे.

दुसरी अडचण कागदांची. आईचे नाव आधार कार्डावर एक, बँकेत दुसरे, आणि रेशनकार्डावर तिसरेच. तिन्ही एकाच बाईची आहेत हे सिद्ध करण्यात तीन महिने गेले. एका कचेरीतील गृहस्थांनी तर ‘या वयात पासपोर्ट कशाला, आजी?’ असे विचारले. आईने त्यांना सांगितले, ‘तुमच्या वयात मिळाला नाई म्हणून.’ कागद त्याच दिवशी पुढे सरकला. वाचकांपैकी ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी आहेत त्यांना एवढेच सुचवतो की, प्रवासाचा बेत नसला तरी नावांचा हा मेळ आजच घालून ठेवावा.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला जातीने हजर व्हावे लागते. त्यासाठी आम्ही मुंबई गाठणार आहोत. आईची बोटे रोवणीने इतकी झिजली आहेत की रेशनच्या दुकानातले यंत्रही तिला चटकन ओळखत नाही. या ठशांची मला मनातून धास्ती आहे. भाचा लंडनच्या हॅरो भागात नोकरीनिमित्त राहतो. त्याचे आमंत्रणपत्र, माझे सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, निवृत्तिवेतनाचा कागद अशी फाईल तयार आहे. नागपूरहून लंडनला थेट विमान नाही. म्हणजे मूलहून मोटारीने नागपूर, तिथून मुंबई, आणि मग नऊ-दहा तास आकाशात.

खरी अडचण तिसरी. पैसा. पौंडाला शंभराहून अधिक रुपये मोजावे लागतात, आणि आम्ही जाणार तिघे. शेतात बोअर खणण्यासाठी दोघा भावांनी मिळून काही रक्कम बाजूला ठेवली होती. धाकटा भाऊ शेतीवर जगतो. तो म्हणाला, ‘दादा, तिचं मन मोडायचं नाई. पण यंदा पावसानं दगा दिला तर धान कायनं वाचवू?’ त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि ते खोटे नव्हते म्हणूनच घरात पंधरा दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही. आईने तर हट्टच सोडला. ‘राहू दे बाबू, मी चांद्यालेच जाऊन येतो,’ म्हणाली, आणि पासपोर्ट पेटीच्या तळाशी, लुगड्यांखाली ठेवून दिला.

त्याच सुमारास डॉक्टरांकडे गेलो होतो. रक्तदाब तपासून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले. ‘नेणार असाल तर येत्या उन्हाळ्यात न्या. त्याच्या पुढच्या उन्हाळ्याचे मी काही सांगत नाही.’ घरी येऊन भावाला हे सांगितले. तो बराच वेळ बैलांपाशी उभा राहिला. मग येऊन म्हणाला, ‘बोअर एक साल थांबंल.’ मी बोअरचे पैसे घेतले नाहीत. सौभाग्यवतींनी येण्याचा बेत रद्द केला, माझी एक ठेव मुदतीपूर्वी मोडली, आणि तिघांचे आम्ही दोघे झालो. सौभाग्यवती म्हणतात त्यांना विमानाची भीती वाटते. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना कशाचीही भीती वाटलेली मी पाहिलेली नाही.

तेव्हा आता नकाशा. लंडन म्हटले की लोकांना खर्चाची धडकी भरते, पण तिथली कित्येक मोठी संग्रहालये फुकट पाहता येतात. ब्रिटिश म्युझियम फुकट, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट फुकट. नातवाने या दुसऱ्यातील वाघनखे पाहून या म्हणून बजावले होते, पण ती २०२४ साली तीन वर्षांच्या कराराने साताऱ्यात आली. रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून शासनाने २०२५ साली घेतली, तीही इकडे आली. आम्ही तिकडे निघालो आणि वस्तू इकडे येऊ लागल्या! वाघाचे म्हणाल तर आमच्याकडे तो धुऱ्यावरच भेटतो, त्याची नखे पाहायला कोणी साता समुद्रापलीकडे जात नाही.

ब्रिटिश म्युझियममधील ते गोल वाचनालय मात्र आईला दाखवायचे आहे. १८५७ साली ते उघडले. पुस्तके १९९७ नंतर तिथून सेंट पँक्रसच्या नव्या इमारतीत गेली, पण घुमट आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. शहरातील बसगाड्या खालच्या पायरीच्या, रस्त्याशी उतरती फळी लावणाऱ्या. त्यामुळे भुयारी गाडीचे जिने टाळता येतील. घराजवळचे स्टेशन चॉक फार्म, तिथून थोडेसे चालणे. विमानतळावर चाकाची खुर्ची मागावी असे भाचा म्हणतो. आईला ती मान्य नाही. ‘माझा बाप मूलहून चांद्याले पायी गेला, अन् मी खुर्चीत बसून बाबासाहेबांच्या घरी जाऊ?’ यावर तोड निघाली आहे ती अशी की, खुर्ची विमानतळापुरतीच. किंग हेन्रीज रोडवर ती पायीच चालेल, पाहिजे तेवढा वेळ घेऊन.

त्या घराची एक हकीगत मी आईला वाचून दाखवली. घर निवासी वस्तीत आहे. संग्रहालय करण्यास काही शेजाऱ्यांनी गर्दी-गोंगाटाची हरकत घेतली, आणि कॅम्डेनच्या नगर परिषदेने राहण्याची जागा कमी होते या कारणाने परवानगी नाकारली. २०१९ साली रीतसर सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी परवानगी दिली. आई ऐकत होती. म्हणाली, ‘तिथंबी शेजाऱ्यायची हरकत?’ मी तिला नगररचनेचे कायदे समजावू लागलो. तिकडे हा नियम सर्वच घरांना लागतो, हे खरेही आहे. तिने मान हलवली आणि तांदूळ निवडायला घेतले. माझे समजावणे तिला कितपत पटले ते मला कळले नाही.

सध्या सामानाची यादी चालू आहे. पांढरे लुगडे धुऊन, घडी घालून तयार आहे. ते त्याच दिवशी नेसायचे. दोन स्वेटर, पायमोजे, औषधांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून. विमानात दर तासाला उठून चालायचे म्हणून ती आतापासून अंगणात फेऱ्या घालते. गेल्या आठवड्यात तलावापर्यंत जाऊन आली. काल रात्री जेवताना तिने विचारले, त्या घरात वर जायचा जिना बाबासाहेबांच्या वेळचाच आहे का, आणि चपला कुठे काढतात. भाच्याला विचारायला सांगितले आहे. त्याचा फोन अजून आलेला नाही.