डोहाळजेवणाआधीची उपासमार

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या पाचव्या फेरीत हा आकडा ५४.२ टक्क्यांवर गेला. मधल्या काळात राज्याने पोषणाचे महिने साजरे केले, लोहाच्या गोळ्यांची मोहीम काढली, भिंती रंगवल्या. रक्त मात्र उतरले. एखाद्या पिकावर इतकी कीड पडली असती तर विधिमंडळात गोंधळ झाला असता. येथे झाला नाही, कारण या बायका अजून कोणाच्या रुग्ण नाहीत. ज्या बाईला दिवस गेलेले नाहीत, तिच्या अंगात रक्त किती हे पाहणे आपल्याकडे कोणाचेच काम नाही.

आपली मोजदाद सुरू होते ती पाळी चुकल्यावर. मग नोंदणी होते, कार्ड मिळते, गोळ्या सुरू होतात, सासूबाई दुधाचा पेला समोर ठेवतात. सातव्या महिन्यात सुनेला फुलांच्या वाडीत बसवून ताटाभोवती पक्वान्ने मांडली जातात. त्याच घरात लग्नानंतरची दोन वर्षे हीच मुलगी सगळ्यांची जेवणे उरकल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेल्या कालवणात भाकरी बुडवून खात होती, हे त्या दिवशी कोणाला आठवत नाही.

साधा हिशेब करून पाहा. पाळी नियमित असलेल्या स्त्रीची पाळी चुकते त्या दिवशी गर्भ साधारण १४ दिवसांचा असतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात, ती नळी पुढच्या १४ दिवसांत मिटायची असते. आईच्या शरीरात फॉलिक अॅसिड कमी असेल तर ती नीट न मिटण्याचा धोका वाढतो. मग मूल अपुऱ्या कवटीचे किंवा पाठीचा कणा उघडा राहिलेले जन्मते. आपल्याकडे ‘गोड बातमी’ घरात फुटून दवाखान्याची पायरी चढेपर्यंत बहुतेकदा दोन महिने उलटतात. डॉक्टर गोळी लिहून देतात. ती घ्यायलाच हवी, पण त्या नळीचा निकाल केव्हाच लागलेला असतो. ज्यांना आधी असे मूल झाले होते अशा स्त्रियांवर ७ देशांतल्या ३३ केंद्रांत चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले. गर्भधारणेआधीपासून फॉलिक अॅसिड घेतल्यास हे व्यंग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले. मूल हवे असे ठरल्या दिवसापासून १२ आठवड्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्याकडे हे ज्ञान गोळीच्या पाकिटावरून घरात यायचे राहून गेले.

यातला विरोधाभास मुंबईकरांनी तरी समजून घ्यावा. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीकामगार वस्तीतल्या गरोदर बायकांना जडणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा त्या शोध घेत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले आणि हा आजार यीस्टच्या अर्काने बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याला फॉलिक अॅसिड म्हणू लागले. म्हणजे या जीवनसत्त्वाचा माग परळच्या कामकरी बायकांच्या रक्तातून लागला. शंभर वर्षे होत आली, आणि त्यांच्या पणत्यांना ते वेळेवर मिळत नाही.

पुढचे शहाणपणही बाहेरून आणावे लागले नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या शेतकरी बायकांचा अभ्यास केला. मुले होण्याआधीपासून त्यांचे वजन, उंची, जेवण, काम सगळे टिपले गेले. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती. नुसत्या भाकरी-भाताच्या उष्मांकांशी हा संबंध तितका जुळला नाही. आणखी एक गोष्ट दिसली आणि ती अस्वस्थ करणारी आहे. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांचे फॉलेट भरपूर आणि ब१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. आपल्याकडच्या वजनाने हलक्या, पण चरबी धरून ठेवणाऱ्या बाळांमध्ये उद्याच्या मधुमेहाचे बीज असते, हे याज्ञिक वर्षानुवर्षे सांगत आहेत. फॉलिक अॅसिड टाळा, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याच्या जोडीला ब१२ हवे, असा आहे. आणि ब१२ दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते; पालेभाजीत ते नसते.

दुसरा प्रयोग मुंबईच्या झोपडवस्त्यांतला. २००६ पासून साडेसहा हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांना गर्भ राहण्याआधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळे, दूध. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखे कमी पोषणाचे जिन्नस. निकाल २०१४ मध्ये आले आणि ते डोळे उघडून वाचावेत असे आहेत. सगळ्या स्त्रियांचा एकत्र विचार केला तर बाळांचे वजन लक्षणीय वाढले नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने तो खाऊ खाल्ला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. गरोदरपणातला मधुमेह कमी पोषणाचा खाऊ खाणाऱ्यांत १२.४ टक्के, तर हिरवा खाऊ खाणाऱ्यांत ७.३ टक्के निघाला. आणि जी गोष्ट कोणत्याही मंत्र्याच्या भाषणात येणार नाही ती अशी: सर्वांत हडकुळ्या बायकांच्या बाळांना वजनाचा हा लाभ मिळाला नाही. वर्षानुवर्षांची उपासमार तीन महिन्यांच्या खाऊने भरून निघत नाही.

सरकारी योजनांचे घड्याळ याच्या नेमके उलटे चालते. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आदिवासी भागात २०१५ मध्ये सुरू झाली, ती गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतल्या गरम जेवणापासून. मातृवंदना योजनेचे पैसे गर्भाची नोंदणी झाल्यावर. दर महिन्याच्या ९ तारखेची तपासणी गरोदर मातांची. यांतली एकही योजना वाईट नाही. पण सगळ्यांची गाडी स्टेशन सुटल्यावर येते. अॅनिमियामुक्त भारत मोहिमेत गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठी आठवड्याला एक लाल गोळी आहे. तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. जागतिक आरोग्य संघटनेने अशा साप्ताहिक गोळीसाठी २,८०० मायक्रोग्रॅम सुचवले आहे. गोळी हातात पडली आणि पोटातही गेली, तरी मात्रा एवढी तोकडी. शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे नोव्हेंबर २०२३ मध्ये आले आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याच्या पैशातून हात काढून घेतला. अंडे हवे तर शाळांनी लोकवर्गणी काढावी. आज सातवी-आठवीत बसणाऱ्या मुलींना मिळणारे ब१२ आपण असे वर्गणीवर सोडले आहे. नाशिक जिल्ह्यात गर्भधारणापूर्व काळजीचा प्रयोग झाला आहे, म्हणजे हे करता येत नाही असेही कोणी म्हणू नये.

आता पुरुषांकडे वळू. इतका वेळ बाईचेच ताट तपासले, कारण सगळेच तसे करतात. मूल होत नाही तेव्हा सुनेच्या सोनोग्राफ्या होतात, तिलाच नवस आणि उपास लागतात. मुलाची वीर्यतपासणी मात्र ‘त्याला कशाला’ म्हणून वर्षभर टळते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचेही कारण असते. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे आज खाल्लेला मावा, ओढलेली सिगारेट, रात्रीची क्वार्टर यांचा हिशेब अडीच महिन्यांनी लागतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कोणत्या टपरीवर मिळतो हे वाचकांना आम्ही सांगायला नको. नवे खूळ व्यायामशाळांतले: दंड फुगवण्यासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी शुक्रजंतूंचे उत्पादन ठप्प होते. पुरुषत्वासाठी घेतलेले औषध बाप होण्याच्याच मुळावर येते, आणि इंजेक्शन टोचणारा ट्रेनर हे सांगत नाही. बायकांच्या मिश्रीबद्दलही एकदा मोकळेपणाने बोलावे लागेल. ती दात घासायची पूड नव्हे, भाजलेली तंबाखू आहे.

इतका अंधार असला की दिवे विकणारे येतातच. लातूर असो वा नाशिक, चौकाचौकांत हसऱ्या बाळाचे फलक आहेत. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, तेव्हा ते महापालिकेच्या रुग्णालयातले विज्ञान होते. आज ती लाखांची बाजारपेठ आहे. तिच्या शेजारी डबे मांडलेत ‘फर्टिलिटी पावडर’चे. येथे आम्हाला स्पष्ट सांगायचे आहे की कोणत्याही भाजीने बंद गर्भनलिका उघडत नाही. क्षयाने नलिका खराब झाल्या असतील तर तपासणी आणि औषध हवे, लाडू नकोत. थायरॉईड बिघडले असेल, साखर वाढलेली असेल, तर ती गर्भ राहण्याआधी ताब्यात आणावी लागते; वाढलेल्या साखरेत पहिल्या आठवड्यांत बाळाचे हृदय आणि कणा सदोष घडू शकतात. वजन जास्त आणि पीसीओएस असलेल्या अनेक जणींत मात्र पाच-सात टक्के वजन उतरले तरी बीजनिर्मिती पुन्हा सुरू होते. जे अन्नाने आणि चालण्याने साधते त्यासाठी लाख रुपये मोजायचे आणि ज्याला डॉक्टर हवा त्यासाठी काढे प्यायचे, असा उलटा व्यवहार सध्या चालू आहे.

जे खायचे त्याची यादी परदेशी नाही. मेथी, चवळई, अंबाडी, शेवग्याचा पाला, उसळी, नाचणी, शेंगदाणे, दही, अंडी, सुकट. उसळीवर लिंबू पिळावे, लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, लोह वाया जाते. बीट लाल म्हणून रक्त वाढवते हा समज सोडून द्यावा. रंगाचा आणि लोहाचा संबंध नाही. आणि आठवड्याचे दोन उपास साबुदाण्यावर काढणाऱ्या सुनेला घरातल्या मोठ्यांनीच सांगावे, बाई, देव रागावणार नाही.

एक भीती आम्हालाही आहे. हे सगळे वाचून एखाद्या घरात ‘आता तीन महिने हे खा आणि चौथ्या महिन्यात बातमी दे’ असा नवा धाक सुरू होईल. मूल हवे की नको, हवे तर कधी, हे त्या दोघांचे. पाळणा लांबवायची साधने त्यांच्या हातात असतील तरच गर्भधारणेपूर्वीची तयारी या शब्दांना अर्थ आहे. आणि जिचे लग्नच अठराच्या आत लागले तिची तयारी कसली? पाचव्या सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रिया अशा होत्या. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ धरतात आणि उचल त्या जोडीवर मिळते, म्हणून सोळाव्या वर्षी मुलीला उभे केले जाते. तिचे स्वतःचे हाड अजून वाढत असते. तिच्या पोटातल्या बाळाला लोह कोठून मिळणार?

मागणी मोठी नाही. गावातल्या जननक्षम जोडप्यांची यादी आशाताईंकडे आजही असते; ती आजवर मुख्यतः कुटुंबनियोजनासाठी वापरली गेली. त्याच यादीतल्या, मूल हवे म्हणणाऱ्या प्रत्येक जोडप्याला रोजची फॉलिक अॅसिडची गोळी मिळावी, दोघांचे हिमोग्लोबिन आणि साखर तपासावी, बाईचे ब१२ आणि थायरॉईड पाहावे, रुबेलाची लस राहिली असेल तर गर्भ राहण्याआधी द्यावी आणि नवऱ्याच्या तंबाखूबद्दल बोलावे. लाल गोळीतली मात्रा वाढवावी. शाळेतले अंडे सरकारने स्वतःच्या पैशाने परत आणावे. या कामाचा मोबदला आशाताईंना स्वतंत्र आणि वेळेवर मिळावा. फुकटात आणखी एक नोंदवही त्यांच्या गळ्यात घालू नये. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते. आरोग्यमंत्र्यांनी त्याआधी एवढे करावे की यंदाच्या पहिल्या मुहूर्ताला आशाताईंच्या पिशवीत या गोळ्या असतील.