फज्रनंतरचा फेरफटका

आमच्या सडक अर्जुनीच्या नावातच सडक आहे, पण महामार्गाच्या ट्रकांत फिरणार कोण? फज्रची नमाज झाली की आम्ही चौघीजणी तलावाच्या पाळीवर जातो. जंगल जवळ, म्हणून नीट उजाडल्याशिवाय निघत नाही. झाडीपट्टीतले असे तलाव कोहळी समाजाने बांधले. सरकारी कागदांत ते माजी मालगुजारी तलाव. मार्च-एप्रिलमध्ये वाटभर मोहफुलांचा वास असतो, आणि फुलं वेचणाऱ्या बाया आमच्याही आधी उठलेल्या असतात.

चौघींतल्या एक शेजारच्या खाला. चार महिने दहा दिवसांची त्यांची इद्दत उन्हाळ्यातच संपली, तरी त्या उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या. "लोक काय म्हणतील, बेटा?" शरीअतने ठरवलेली मुदत संपल्यावर लोकांनी आपली वेगळी मुदत का लावावी? आम्ही वाद घातला नाही. रोज दारात थांबून सलाम करायचो. नवव्या दिवशी खाला चपला घालून तयार!

आधी विजेच्या खांबापर्यंतच यायच्या. आता पाळीचं दुसरं टोक गाठतात, कोणत्या बांधीत रोवणी झाली तेही त्याच सांगतात. परतताना चहा त्यांच्याकडे. मरहूम खालूंनी आठवडी बाजारातून, भंगारातून एकेक करून आणलेल्या पाच तामचिनी किटल्या माळ्यावर पडून होत्या. परवा निळी खाली आली. टवका उडालाय, तोटी जरा गळते. शाळेला उशीर होतो, पण दुसरा कप सोडवत नाही.