गणिताच्या तासाला ‘का?’ विचारायचं

या सदरात आम्ही आजऱ्यातली आठवीची मुलं-मुली दर महिन्याला शाळेतल्या एखाद्या गोष्टीबद्दल लिहितो. या वेळचा विषय गणित. हा शब्द काढला की वर्गाचे दोन भाग पडतात, गणित येणारे आणि गणित न येणारे. कोण कुठल्या भागात हे सगळ्यांना पाठ असतं. पण ही वाटणी कधी झाली, कुणी केली, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आम्ही आठवायला बसलो.

२०१९ साली आम्ही दुसरीत होतो. त्या वर्षी बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवीन पुस्तक आलं. त्यात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ आणि ‘त्रेचाळीस’बरोबर ‘चाळीस तीन’ असंही दिलं होतं. त्यावरून किती गदारोळ झाला हे तेव्हा आम्हाला कळलं नाही, पण अब्बांना, मामूंना आठवतं. वर्तमानपत्रांत वाद झाला, विधानसभेतही तो गाजला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. मूल ‘सत्तावीस’ ऐकतं तेव्हा आधी सात ऐकतं, पण लिहिताना आधी दोन लिहायचे असतात. शिवाय जोडाक्षरंही अवघड असतात. म्हणून सोपी वाट दाखवली, जुनी बंद केली नाही.

आम्हाला ही गोष्ट पटते, कारण आमच्यावर दुहेरी भार होता. शाळेत ‘सत्तावीस’, घरी ‘सत्ताईस’. शाळेत ‘पंचावन्न’, घरी ‘पचपन’. सगळ्यात घोळ ‘उन्यासी’ आणि ‘नवासी’चा. अम्मी दुकानाच्या यादीत ‘नवासी’ सांगते, म्हणजे ८९. शाळेत त्यालाच ‘एकोणनव्वद’ म्हणतात. ‘नवासी’ हा शब्द ‘ऐंशी आणि नऊ’ असा बनलाय, तर ‘एकोणनव्वद’ हा ‘नव्वदला एक कमी’ असा. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे सगळं डोक्यात फिरवून बोलायला थोडा वेळ लागतो. वर्गात मात्र जो पटकन बोलेल तो हुशार. ज्याला शब्द शोधावा लागतो तो मागे पडतो, आणि दोन-तीनदा मागे पडला की हात वर करायचंच सोडून देतो. त्याला गणित येत नव्हतं की शब्द सापडत नव्हता, हे कुणी तपासत नाही.

आम्ही आणखी शोधलं. सीमेपलीकडच्या कन्नड शाळेतली मुलं २१ला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस एक. इंग्रजीतही आधी वीस, मग एक. अरबीत उलट, ‘वाहिद व इश्रून’, एक आणि वीस, आपल्या मराठी-उर्दूसारखं. जर्मन भाषेतही तसंच. म्हणजे यात कुणी शहाणं, कुणी मागासलेलं नाही. प्रत्येक भाषेची मोजायची आपली रीत असते. दोन रीती माहीत असणाऱ्या मुलाला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो, इतकंच.

आणि त्या अवघड शब्दांत गंमतही आहे. ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी. मग २९ × ६ करायला तीस सक १८०, त्यातून ६ वजा, १७४. हातचा नाही, कागद नाही. हे दुसरीत कुणी समजावलं असतं तर ‘एकोण’ची भीती तेव्हाच गेली असती.

तिसरीचं वर्ष कोरोनात गेलं. घरात एक फोन, तो अब्बा कामावरून आले की मिळायचा. भागाकार पडद्यावर बघितला. व्हिडिओला प्रश्न विचारता येत नाही. नंतर शाळा उघडली, पण न विचारायची सवय तशीच राहिली. नियम दिला की लिहून घ्यायचा आणि परीक्षेत उतरवायचा.

या सवयीचा खरा त्रास समीकरणांत होतो. क्ष − ७ = १२. सात पलीकडे नेले की चिन्ह बदलतं, उत्तर १९. पण चिन्ह का बदलतं? आम्ही आपसात विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर होतं, ‘नियम आहे म्हणून.’

याचं उत्तर बाराशे वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकाच्या नावात आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी नावाचे विद्वान होते. त्यांच्या पुस्तकाच्या नावात ‘अल्-जब्र’ आणि ‘मुकाबला’ हे दोन शब्द आहेत. जब्र म्हणजे उणं पडलेलं भरून काढणं. डावीकडे सात कमी आहेत ना? मग तिथे सात घाला. पण तराजू सरळ राहायचा तर उजवीकडेही सात घालायला हवेत. क्ष = १२ + ७. मुकाबला म्हणजे दोन्ही बाजू समोरासमोर धरणं, आणि जे दोन्हीकडे सारखं आहे ते दोन्हीकडून काढून टाकणं. सात कुठे पळत नाहीत आणि चिन्हही जादूने बदलत नाही. बाजारात तागडी बघितलेल्या कुणालाही हे समजेल. ‘अलजिब्रा’ हा शब्द या ‘अल्-जब्र’मधूनच आला. याच विद्वानांनी हिंदुस्थानी आकडेमोडीवरही पुस्तक लिहिलं. अरब लोक त्या आकड्यांना हिंदी आकडेच म्हणत.

अल्-ख्वारिज्मींच्या बीजगणिताच्या पुस्तकाचा मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्रांच्या वाटण्यांवर आहे. हे वाचलं आणि ‘लसावि कशाला शिकायचा?’ या आमच्या जुन्या प्रश्नाला उत्तर मिळालं. मुलंबाळं असताना पत्नीचा वाटा आठवा, आईचा सहावा. ८ आणि ६ चा लसावि २४. पत्नीला ३, आईला ४, उरलेले १७ भाग मुलांचे. हे गणित न येणाऱ्याला आपला हक्क किती हेसुद्धा दुसऱ्याला विचारावं लागतं. आमच्यातल्या मुलींनी हे वाक्य मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

घरातही गणित आहे, फक्त त्याला कुणी गणित म्हणत नाही. एका मैत्रिणीची दादी चौथीनंतर शाळेत गेली नाही. घनसाळ तांदूळ मापताना ती सांगते, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. मग पायलीत चिपटी किती? सोळा. म्हणजे दोनचा चौथा घात. आमचा घातांकाचा धडा दादीच्या मापांत होता. दादीला पावकी, दिडकी, अडीचकी अजून तोंडपाठ आहेत. सोलून दिलेल्या काजूच्या किलोवर मजुरी किती, हे कारखान्यात जाणाऱ्या अम्मी मनातल्या मनात काढतात. आणि याच बायका म्हणतात, ‘हमकू गणित नै आता.’

२०२४ साली बातमी आली की राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात दहावीला गणित-विज्ञानात २० ते ३५ गुण मिळवणाऱ्यालाही पुढे जाता येईल, पण गुणपत्रिकेवर शेरा येईल आणि गणित-विज्ञानाच्या शाखेला जाता येणार नाही. काहींना हायसं वाटलं. गणितामुळे शाळाच सुटू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण आमच्यातल्या कितीजणींना घरी आताच सांगितलं जातं, ‘पास हो, बस झालं.’ ते ऐकलं की वाटतं, शेरा गुणपत्रिकेवर येण्याआधीच आमच्यावर बसलाय.

म्हणून मोठ्यांकडे दोन मागण्या. अम्मी-अब्बा, ‘किती मार्क पडले?’ याच्याआधी ‘आज काय समजलं नाही?’ असं विचारा. उत्तर तुम्हाला आलं नाही तरी चालेल, विचारा मात्र रोज. आणि सर, मॅडम, प्रश्न विचारल्यावर पहिला हात वर आला की लगेच त्याच्याकडे वळू नका. दहापर्यंत मोजा. मागच्या बाकावर कुणीतरी ‘नवासी’चं ‘एकोणनव्वद’ करत असतं.

आम्हीही एक सुरुवात केली आहे. गणिताच्या वहीचं शेवटचं पान ‘का?’साठी ठेवलंय. नियम समोर, त्याचं कारण शेजारी. कारण मिळालं नाही तर जागा रिकामी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारायचं. सध्याची रिकामी जागा आहे, ऋण गुणिले ऋण धन का? ज्या घरात कुणाला याचं सोपं उत्तर येत असेल त्यांनी लिहून पाठवावं. तुमच्या दादी-नानींची जुनी मापं आणि तोंडी हिशेबांच्या युक्त्याही पाठवा. पुढच्या अंकात त्या छापू, इन्शाअल्लाह.