आमचे मत कर्नल नायडूंना!

सर्वश्रेष्ठ क्रिकेटपटू कोण, हा वाद निघाला की ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी नि सचिनची १०० शतके तोंडावर फेकली जातात. नागपुरात जन्मलेल्या कर्नल सी. के. नायडूंचे आकडे त्यांपुढे फिकेच : ७ कसोटी, ३५० धावा! पण भारताला पहिली कसोटीच मुळी १९३२ साली मिळाली. तेव्हा कर्णधार नायडू ३६ वर्षांचे होते. १९२६ मध्ये मुंबईत एम.सी.सी.विरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा झोडपून त्यांनीच भारतीय क्रिकेटची लायकी गोऱ्या साहेबाला पटवली होती. ज्याला संधीच उशिरा मिळाली, त्याची थोरवी तक्त्यात कशी सापडावी? आकडेबहाद्दर मित्रहो, बोला!