मंजन की तंबाखू? दोन कायद्यांच्या मधली फट

नवी दिल्ली : सकाळी दात घासणे ही आरोग्याची पहिली सवय मानली जाते. देशाच्या मोठ्या भागात मात्र याच सवयीतून तंबाखू घराघरांत पोहोचली आहे. महाराष्ट्रात तव्यावर भाजून केलेली मशेरी, छत्तीसगड व ओडिशात गुळाच्या काकवीत कालवलेला गुडाखू, बिहार आणि उत्तर प्रदेशात गुल, गुजरातेत बजर. नावे प्रांतागणिक बदलतात, बोटाने हिरड्यांवर चोळला जाणारा मूळ पदार्थ एकच. वापरणाऱ्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. विडी ओढणारी स्त्री समाजाच्या नजरेत येते, मशेरी लावणारी येत नाही.

तंबाखूयुक्त टूथपेस्ट व दंतमंजनाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर केंद्र सरकारने ३० एप्रिल १९९२ च्या अधिसूचनेद्वारे बंदी घातली. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील ही बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये वैध ठरवली. प्रश्न तेथेच मिटायला हवा होता. परंतु २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थ कायद्याच्या अनुसूचीत तंबाखूयुक्त दंतमंजनाचाही समावेश झाला. त्यामागचा हेतू जाहिराती रोखण्याचा आणि वेष्टनावर इशारा छापून घेण्याचा होता, बंदी उठवण्याचा नव्हे. प्रत्यक्षात मात्र जो पदार्थ मंजन म्हणून विकता येत नाही, तो तंबाखू म्हणून मिळतो आणि घरी गेल्यावर पुन्हा मंजन होतो. चुलीवरच्या मशेरीपर्यंत तर कोणताच कायदा पोहोचत नाही. बाजारातून आणायची ती केवळ साधी तंबाखू.

सवय टिकण्यामागे अज्ञानाइतकेच दुखणेही आहे. दाढ ठणकू लागली की मशेरीने बरे वाटते, असा अनेकींचा समज असतो. तेवढ्यापुरता आराम भासतो आणि कीड आत वाढत राहते. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये असली तरी दंतवैद्य प्रामुख्याने शहरांत एकवटले आहेत, आणि बहुतेक आरोग्य विमा योजना नेहमीचे दंतोपचार वगळतात. दिवसातून दोनदा, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत हा सल्ला योग्यच आहे. पण ज्या घरात मंजन हेच व्यसन आहे, तेथे तो अपुरा पडतो.

किंमत मोठी आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात ओठ व मुखाच्या कर्करोगाचे वर्षाला १ लाख ४३ हजारांहून अधिक नवे रुग्ण आढळतात. पुरुषांमध्ये हाच कर्करोग सर्वाधिक आहे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, गालाच्या आतील पांढरा वा लाल चट्टा, तोंड उघडताना होणारा त्रास ही त्याची प्रारंभिक लक्षणे असू शकतात.

याच लक्षणांची चौकशी ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी आशा सेविका भरत असलेल्या अर्जात होते. तंबाखूविषयीच्या प्रश्नात मात्र धूम्रपानाखेरीज गुटखा व खैनीचीच उदाहरणे आहेत. मशेरीला मंजन समजणारी स्त्री त्यावर प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देण्याची शक्यता अधिक. मशेरी, गुल, गुडाखू ही नावे त्या प्रश्नात घालण्यासाठी कायदादुरुस्तीची गरज नाही. राज्यांच्या आरोग्य विभागांनी आपापल्या भाषेतील अर्ज छापताना हे करता येईल.