दंड भरा, तोंड बंद ठेवा

या आठवड्यात एका पालकाने शाळेचं पत्रक दाखवलं. मधल्या सुट्टीतही मराठी बोललं तर पाच रुपये दंड. उद्देश, इंग्रजी संभाषणाचा सराव. पालक खूश होते, कारण त्यांच्या मुलाला महिन्यात एकदाही दंड झाला नव्हता. होईल कसा? पोरगं मधल्या सुट्टीत बोलतच नाही!

आला हा पुन्हा इंग्रजीवर, असं जुने वाचक म्हणतील. आलो. कारण त्याच सुमाराला दुसऱ्या एका शाळेत सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा योग आला. रविवारी काय केलंस, असं बाईंनी इंग्रजीत विचारलं. वेणीचं टोक बोटाला गुंडाळत एक पोरगी म्हणाली, "आय गो टू फार्म..."

"वेन्ट! आय वेन्ट!"

"वेन्ट," ती पुटपुटली आणि खाली बसली. शेतात शेळी व्यायली, दोन करडं झाली, एक अगदी काळंभोर, हे तिने मला नंतर मराठीत सांगितलं. बाईंना ते अजून माहीत नाही.

हीच पोरगी शाळा सुटल्यावर बांगडीवाल्यापाशी उभी होती. "भैया, तीस में देना है तो देव, नहीं तो रैने दो!" आपली हिंदी ही अशी. 'मेरेको', 'तेरेको', गाडी आया आणि बस गया. व्याकरणाचं पार मातेरं. पण बांगडीवाला लाल पेन घेऊन बसलेला नसतो. त्याला बांगडी विकायची असते, हिला घ्यायची असते. तो "पैंतीस" म्हणतो आणि बोलणं पुढे सरकतं. हिंदी आपण सगळे अशीच चुकत चुकत बोलायला लागलो, त्यात कुणाची अब्रू गेल्याचं ऐकिवात नाही. हिंदी चुकलं की माणूस फक्त मराठी ठरतो. इंग्रजी चुकलं की अडाणी.

हिंदी सिनेमामुळे कानावर असते, हे मान्य. पण २००० सालापासून आपल्याकडे इंग्रजीही पहिलीपासून आहे. सातवीपर्यंत येताना तेही काही कमी कानावर पडत नाही. माझा जुना संशय पॅसिव्ह व्हॉइसवर आहे. रामाने खाल्लेला आंबा रामाकडून खाल्ला जायला लावणाऱ्या त्या प्रश्नाने निम्मा महाराष्ट्र मुका केला. पुरावा मागू नका.

उपाय मात्र फार अवघड नाही. "ओ, यू वेन्ट टू द फार्म? अँड देन?" एवढं बाई म्हणाल्या असत्या, तर चूकही दुरुस्त झाली असती आणि शेळीही वर्गात आली असती. दुसरं म्हणजे थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. ते वर्ग विज्ञानाचे होते. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या पोरीला तीन सेकंदही कमीच. आणि चारचौघांत उभं करण्याआधी तिला शेजारणीशी दोन मिनिटं बोलू द्या.

आता तोंडी परीक्षेबद्दल. भाषांचे ते २० गुण काढले त्या वर्षी, २०१९ला, दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला, आणि पुढच्याच वर्षी गुण परत आले. तोंड न उघडता मिळणारे हे गुण किती जणांना तारत होते, त्याचा अंदाज यावरून करावा.

तर इंग्रजीच्या शिक्षकांनो, यंदा एवढं करा. तोंडीला पाठ केलेला निबंध ऐकू नका. मुलाला घरचं, शेतातलं, गल्लीतलं काहीही सांगू द्या, मध्ये तोडू नका, आणि गुण ते सांगण्याला द्या. दंडाचं ते पत्रक मात्र मुख्याध्यापकांनी आजच मागे घ्यावं.