शेवटच्या खुर्चीवर कोण?

रियाधमध्ये आता संध्याकाळी उघडपणे जाऊन पियानो कन्चर्टो आणि सिंफनी ऐकता येते, ही चांगली गोष्ट आहे. मे 2008 मध्ये जर्मनीहून आलेल्या चौघांनी तिथल्या किंग फहद सांस्कृतिक केंद्रात मोझार्ट आणि ब्राम्स वाजवले, तेव्हा त्याची बातमी जगभर गेली. एक मोठं कारण होतं. श्रोत्यांमध्ये स्त्रिया आणि पुरुष एकत्र बसले होते. तिथून इथवरचा पल्ला कुणी कमी लेखू नये.

पण आता श्रोत्यांकडची नजर वादकांकडे वळवायला हवी. 2024 मध्ये याच केंद्रात ‘झरका अल यमामा’ हा सौदी अरेबियाचा पहिला भव्य ऑपेरा झाला. संहिता सौदी कवीची, कथा अरबस्तानातली, भाषा अरबी, गाणाऱ्यांत सौदी कलावंतही. ऑर्केस्ट्रा मात्र ड्रेस्डेनचा आणि समूहगायक चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोचे.

नामवंत पियानोवादक दोन तालमींत कन्चर्टो बसवून दुसऱ्या दिवशी विमानात बसू शकतो. सिंफनी तशी उभी राहत नाही. तिच्यासाठी सत्तर-ऐंशी माणसं वर्षानुवर्षं एकत्र बसावी लागतात. त्यांतल्या दुसऱ्या व्हायोलिनच्या शेवटच्या खुर्चीवर कोण बसतं, यावर ऑर्केस्ट्रा त्या शहराचा आहे की नाही ते ठरतं. ती खुर्ची कुणाच्या नजरेत भरत नाही. तिथवर पोचायलाही पंधरा वर्षांचा रियाज लागतो.

रियाधला लागून असलेल्या दिरियात ऑपेरा हाउस उभं राहतंय. कंत्राट 5.1 अब्ज रियालचं, आसनं तीन हजारांवर. इमारत वेळेवर होईल, पैसा आहे. वादकांचा हिशेब वेगळा आहे. संगीत शिकवणाऱ्या संस्थांना तिथे पहिले परवाने मिळाले ते 2020 च्या अखेरीस. त्या वेळी सात वर्षांच्या मुलीने व्हायोलिन हातात घेतलं असेल, तर ती 2035 च्या सुमारास ऑर्केस्ट्रात बसण्याजोगी होईल. ही वर्षं पैसे देऊन कमी करता येत नाहीत.

मुंबईकरांनी हे वाचून मान डोलावू नये. मेहली मेहतांनी मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला 1935 मध्ये. त्यांचा मुलगा, पुढे ऑर्केस्ट्रा-संचालक झालेला झुबिन, 1954 मध्ये शिकायला व्हिएन्नाला गेला, कारण जे शिकायचं होतं ते इथे नव्हतं. मुंबईच्या ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’मध्ये (एनसीपीए) 2006 साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. भारताचं नाव लावणाऱ्या या वाद्यवृंदात मोसमापुरते परदेशातून येणारे वादकच आजही अधिक असतात. त्याची अकादमी लहान मुलांना नेटाने शिकवते आहे. पण आपल्याला रियाधपेक्षा ऐंशीहून अधिक वर्षं जास्त मिळाली होती. त्यांचं आपण काय केलं?

रियाधने बांधकामाच्या खर्चातला ठसठशीत वाटा आजच बाजूला काढावा आणि तो व्हायोलिन, चेलो, ओबो शिकवणाऱ्या शिक्षकांच्या पगारावर खर्च करावा. मुंबईनेही तेच करावं, आणि आधी करावं.